एअर पिस्तूलचे शॉट एकाच बाजूला जातात? साइटच्या स्क्रूला हात लावण्याआधी हे तपासा

"सर, साइट हललीय." रेंजवर हे वाक्य रोज ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा साइट हललेली नसते. साइट म्हणजे नेम धरायची जोडी: पिस्तूलच्या पुढच्या टोकावरची खुंटी (फ्रंट साइट) आणि मागची खाच (रिअर साइट). दोन-तीन शॉट दहाऐवजी आठ गुणांच्या वर्तुळात गेले की हात स्क्रूड्रायव्हरकडे जातो, चार क्लिक (साइटचा स्क्रू फिरवतानाचा एकेक टप्पा) इकडे, सहा क्लिक तिकडे, आणि तासाभराने पिस्तूल नेमकं कशावर सेट आहे हे कुणालाच सांगता येत नाही. मग खरा दोष शोधणं दुप्पट अवघड होतं. म्हणून तपासण्या क्रमाने देतोय: आधी फुकटच्या, मग थोडा वेळ खाणाऱ्या, शेवटी दुरुस्तीवाल्याकडच्या. क्रम मोडू नका.

हे सगळं 10 मीटर एअर पिस्तूलबद्दल आहे आणि दिशा उजव्या हाताने मारणाऱ्याच्या आहेत. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट वाचावं. 25 मीटरवरच्या .22 पिस्तूललाही हेच तर्क लागू पडतात, आकडे मात्र वेगळे.

आधी लक्षण नीट ओळखा

एका शॉटवरून काहीच कळत नाही. दहा शॉट एकाच कार्डावर, म्हणजे लक्ष्याच्या कागदावर, मारा, मध्ये काहीही बदलू नका, आणि मग कार्ड हातात घेऊन बघा.

सगळी भोकं एकमेकांना चिकटलेली, पण मधल्या दहापासून लांब, समजा डाव्या आठमध्ये: इथे साइटचा संशय रास्त आहे. तरी तो एकटाच संशयित नाही, कारण तीच चूक दर वेळी इमानदारीने करणाऱ्याचाही ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, असाच घट्ट येतो.

भोकं चारी बाजूंना पसरलेली: साइटचा काही संबंध नाही. साइट कितीही फिरवली तरी पसारा तेवढाच राहतो, फक्त जागा बदलतो. वर्षभर लक्षात ठेवायची एकच गोष्ट निवडायची तर ही निवडा. ग्रुप केवढा आहे ते नेमबाज, पेलेट (छर्रा) आणि पिस्तूलची तब्येत सांगतं. ग्रुप कुठे आहे ते साइट सांगते.

उभी रांग, म्हणजे वर-खाली पसारा: हवेचा दाब, मनगट किंवा साइटची उंची डोळ्याने नीट न धरणं. आडवी रांग: पाय, उभं राहणं, घोड्यावरचं बोट. खाली-डावीकडे, घड्याळातल्या सातच्या दिशेने झुकलेला ग्रुप: घोडा ओढताना सगळी मूठ आवळली जाते. आठ शॉट सुरेख आणि दोन भलतीकडे: फॉलो थ्रू (शॉटनंतरही क्षणभर साइट धरून राहणं) चुकलाय किंवा खराब पेलेट. सुरुवातीला बरोबर आणि सत्राच्या शेवटी हळूहळू खाली: हवा संपतेय किंवा खांदा थकलाय. कालपर्यंत छान होतं आणि आज पहिल्या शॉटपासून सगळं सरकलंय: काहीतरी सैल झालंय, काहीतरी बदललंय किंवा कुणीतरी हात लावलाय.

घड्याळातल्या कोणत्या आकड्याकडे शॉट गेला तर कोणती चूक, असे गोल तक्ते बऱ्याच रेंजच्या भिंतीवर लावलेले असतात. ते संशय कुठे घ्यायचा एवढं सांगतात. तक्त्यावर बोट ठेवून मुलाला "तू झटका देतोस" म्हणण्याआधी खालच्या तपासण्या करा.

फुकटच्या तपासण्या

प्रत्येक तपासणीआधी पिस्तूल रिकामं, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची रंगीत खूण) नळीत, तोंड कार्डाकडे. हे सांगायची गरज नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठीच सांगतोय.

*कार्ड.* लहान गावांतल्या अकॅडम्या हॉलमध्ये किंवा पत्र्याच्या शेडमध्ये चालतात. पंखा फिरत असतो, कार्ड क्लिपला एकाच बाजूने अडकवलेलं असतं आणि शॉटच्या क्षणी ते हलतं. दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर आहे आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ व्यासाने 16 मिलिमीटर मोठं, म्हणजे कडेपासून कडेपर्यंत फक्त 8 मिलिमीटर. कार्ड बोटभर सरकलं तरी दीड-दोन गुण गेले. पंखा बंद करून दहा शॉट मारून बघा. कार्डाचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटरवर आहे का, तेही टेपने मोजा. रोज 1.30 वर सराव करणाऱ्या मुलाला स्पर्धेत हात कुठे थांबवायचा हेच कळत नाही.

*उजेड.* आपण काळ्या गोलाच्या खाली पांढरी पट्टी सोडून नेम धरतो. उजेड बदलला की तोच गोल डोळ्याला लहान-मोठा भासतो, ती पट्टी नकळत जाड-बारीक होते आणि ग्रुप वर-खाली सरकतो. कार्डावरची एक ट्यूब गेली असेल तर आधी ट्यूब बदला. बालेवाडीला किंवा वरळीला स्पर्धेला गेल्यावर ग्रुप थोडा वर-खाली लागला तर त्याचं कारण बहुधा हेच. त्यासाठीच सायटिंगची (गुण न मोजता शॉट मारून बघायची) 15 मिनिटं असतात. तिथे क्लिक फिरवा, ते योग्यच आहे, पण घरी परतल्यावर मोजून परत आणा.

*पिस्तूल आधी कुणाच्या हातात होतं?* क्लबचं पिस्तूल तीन-चार जण वापरत असतील तर साइट ज्याने शेवटची लावली त्याच्या डोळ्यासाठी लागलेली आहे. दोन नेमबाजांचे ग्रुप एकाच पिस्तूलवर वेगळ्या जागी येणं हे अगदी स्वाभाविक आहे. कुणी पांढरी पट्टी जाड सोडतो, कुणी बारीक, कुणाची पकड वेगळी. पिस्तूलच्या पेटीत एक छोटी वही ठेवा आणि नावापुढे क्लिक लिहा. या एका वहीने निम्म्या तक्रारी संपतात.

पेलेट

आधी विचारा, डबा नवीन आहे का? एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्ये (खेपांमध्ये) फरक पडू शकतो. पेलेटच्या डोक्याचा व्यासही 4.49, 4.50, 4.51 मिलिमीटर असा वेगवेगळा मिळतो, आणि कोणत्या नळीला कोणता आवडतो हे मारूनच कळतं.

मग पेलेट उलटं करून स्कर्टकडे बघा. मागची ती पातळ कड अगदी मऊ शिशाची असते. डबा एकदा हातातून पडला की त्यातली कितीतरी पेलेट चेपतात. खिडकीच्या उजेडात धरलं तर गोल कड लंबगोल झालेली दिसते. अशा पेलेटच्या कडेने हवा निसटते आणि शॉट भलतीकडे जातो. मुलं डब्यात हात घालून मूठभर पेलेट काढतात आणि टेबलावर ओततात, ती सवय मोडा. पाच-दहा पेलेट कापडावर काढायची, एकेक बघून भरायची. आणि पेलेट हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, शिसं आहे ते.

दोन वाईट शॉटचं कोडं इथेच सुटलं तर पुढे जायची गरज नाही.

हवा आणि स्क्रू

सिलिंडरचा काटा बघा. भरलेला सिलिंडर साधारण 200 बारला असतो. पिस्तूलच्या पुस्तिकेत खालची मर्यादा दिलेली असते, तिच्याखाली गेल्यावर पेलेटचा वेग पडतो आणि शॉट खाली उतरत जातात. "शेवटच्या सिरीजला (दहा शॉटच्या फेरीला) थकतो" असं ज्यांच्याबद्दल बोललं जातं, त्यांच्यातल्या काहींचा फक्त सिलिंडर थकलेला असतो. थकवा की हवा, हे ओळखायला सोपं आहे: भरलेला सिलिंडर लावा आणि न थांबता पुढचे दहा मारा. ग्रुप वर आला तर हवा. नाही आला तर खांदा.

आता स्क्रू. फ्रंट साइट, रिअर साइट आणि ग्रिप (लाकडी मूठ), तिन्ही बोटाने हलवून बघा. ग्रिपचा स्क्रू सगळ्यात आधी सैल होतो आणि सगळ्यात शेवटी आठवतो. लाकूड घामाने आणि पावसाळ्यातल्या दमटपणाने फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. मुंबई-कोकणात तर दर महिन्याला बघावं. ग्रिप केसभर हलली तरी पिस्तूल प्रत्येक शॉटला हातात वेगळं बसतं आणि ग्रुप आडवा पसरतो. ॲलन कीने हलकेच आवळा, जोर लावू नका, लाकूड चिरतं. आवळून झालं की स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय, नुसत्या नजरेने कळतं.

आता नेमबाजाकडे

इथपर्यंत काही सापडलं नाही तर दोष बहुतेक आपल्या हातात, डोळ्यात किंवा बोटात आहे. हे ऐकायला आवडत नाही, विशेषतः पालकांना, कारण पिस्तूलला दीड-दोन लाख मोजलेले असतात. पण आधी गणित बघा.

फ्रंट साइट आणि रिअर साइटमधलं अंतर साधारण 330 मिलिमीटर धरा. रिअर साइटच्या खाचेत फ्रंट साइट फक्त 1 मिलिमीटर बाजूला गेली, तर 10 मीटरवर शॉट 30 मिलिमीटर बाजूला पडतो. मधोमध जाणारा दहा थेट सात होतो. उलट दोन्ही साइट एका रेषेत बिनचूक आहेत आणि अख्खा हात 5 मिलिमीटर सरकलाय, तर शॉटही 5 मिलिमीटरच सरकतो आणि तो दहाच राहतो. म्हणजे हात थरथरणं हा फार छोटा गुन्हा आहे आणि साइटची रेषा मोडणं हा मोठा. नवखा मुलगा मात्र थरथर थांबवायला धडपडतो, काळा गोल मध्ये आला की घाईने घोडा ओढतो आणि त्या घाईत रेषाच मोडतो.

म्हणून पहिली चाचणी: कार्ड उलटं लावा. पांढरी बाजू पुढे, काळा गोल नाहीच. साधारण मध्यावर पिस्तूल धरायचं, फक्त फ्रंट साइट स्पष्ट बघायची, रेषा जपायची आणि घोडा सरळ मागे आणायचा. दहा शॉट. मग हा ग्रुप नेहमीच्या कार्डावरच्या ग्रुपशेजारी ठेवा. कोऱ्या कार्डावरचा ग्रुप लहान आला, आणि तो अनेकदा येतो, तर निदान झालं: नेहमीच्या कार्डावर नजर फ्रंट साइट सोडून काळ्या गोलावर पळतेय. पिस्तूल निर्दोष आहे, कारण कोऱ्या कार्डावर तेच पिस्तूल होतं. औषधही हेच कार्ड. आठवडाभर रोजच्या सत्राची सुरुवात त्याच्यावर करा.

दुसरी चाचणी: न सांगता ड्राय फायर, म्हणजे शॉट न सुटता नुसता घोडा ओढणं. बहुतेक मॅच पिस्तूलना ड्राय फायरची सोय असते. कोचने पाठ फिरवून कधी पेलेट भरून, कधी ड्राय फायरवर ठेवून पिस्तूल हातात द्यायचं. नेमबाजाला काय आहे ते माहीत नाही. कोचने कार्डाकडे न बघता पिस्तूलच्या तोंडाकडे बघायचं. शॉट सुटलाच नाही तरी नळीचं तोंड खाली-डावीकडे डुबकी मारत असेल, तर शॉटच्या अपेक्षेने मूठ आवळली जातेय. नियमाप्रमाणे घोड्याचं वजन किमान 500 ग्रॅम असतं आणि पिस्तूल स्वतः किलोभराच्या आसपास. किलोभराची वस्तू एका हाताने हवेत धरून तिच्यावर अर्धा किलो ओढायचं आहे. ते एकट्या बोटाने झालं तरच तोंड जागेवर राहतं. बाकीची तीन बोटं आणि अंगठा बोटासोबत आवळले की तोंड हलणारच.

तोंड शॉटच्या क्षणी स्थिर आहे आणि लगेच नंतर खाली येतंय, तर फॉलो थ्रू नाही. पेलेट नळीतून बाहेर पडायच्या आत मनगट सुटलेलं असतं. शॉटनंतर मनात एक-दोन म्हणेपर्यंत साइट बघत राहायचं. शॉट कुठे गेला हे कार्ड किंवा स्क्रीन न बघता आधी तोंडाने सांगायचं, मग बघायचं. सांगितलेलं आणि लागलेलं जुळू लागलं की निम्मं काम झालं. जुळतच नाही, म्हणजे नेमबाज "हा स्वच्छ दहा होता" असं खात्रीने सांगतोय आणि भोक आठमध्ये आहे, असं वारंवार होत असेल, तर मात्र पिस्तूलकडे परत वळा.

आडव्या रांगेसाठी पाय बघा. नेम धरा, डोळे मिटा, हात खाली आणा, पुन्हा उचला, डोळे उघडा. साइट कार्डाच्या डावीकडे उघडली तर हात ओढून उजवीकडे आणू नका, मागचा पाय थोडा सरकवून सगळं अंग फिरवा. हाताने ओढून आणलेलं पिस्तूल घोडा सुटताना आपल्या मूळ जागी परत जातं आणि शॉट तिकडेच पडतो.

डोळ्यांचं एकच सांगतो. चाळिशीनंतर रेंजवर येणाऱ्यांची फ्रंट साइट पुसट दिसते आणि ते साइटला दोष देतात. रोजच्या प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून मान किंचित हलली तरी नंबर बदलतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर मोजून न्या आणि त्या अंतरासाठी भिंग मागा. दुसरा डोळा मिटू नका, त्याच्यासमोर पट्टी लावा. मिटलेल्या डोळ्याचा ताण उघड्या डोळ्यावर येतो.

पिस्तूलची अदलाबदल

सगळ्यात जास्त सांगणारी चाचणी हीच, आणि तिला पैसे लागत नाहीत. तुमच्यापेक्षा चांगला, स्थिर ग्रुप मारणारा नेमबाज तुमच्या पिस्तूलवर तुमच्याच पेलेटने दहा मारेल. तुम्ही त्याच्या पिस्तूलवर दहा मारा. ग्रिपचं माप जुळणार नाही, तरी ग्रुपच्या आकाराकडे बघा.

त्याचा ग्रुप तुमच्या पिस्तूलवर लहान आला आणि तुमचा दोन्हीकडे सारखाच पसरला: पिस्तूल ठीक आहे. त्याचाही पसरला: पिस्तूल किंवा पेलेट. दोघांचेही ग्रुप घट्ट आणि तुमच्या पिस्तूलवर दोघांचेही एकाच बाजूला सरकलेले: आता साइट.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. खरा यांत्रिक बिघाड सहसा लपून राहत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, जुलै 2021 मध्ये, मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरी चालू असतानाच बिघडलं. दुरुस्तीत मौल्यवान मिनिटं गेली, 575 गुणांवर तिची अंतिम फेरी थोडक्यात हुकली. ते पिस्तूल सरळ चालायचंच थांबलं होतं. दर शॉटला हळूच डावीकडे नेणारा बिघाड त्या मानाने दुर्मीळ.

आणि आता साइट

पाच शॉटचा ग्रुप मारा, त्याचा मध्य पेन्सिलने खुणा करून काढा. एकट्या शॉटवरून कधीच क्लिक फिरवू नका. रिअर साइट ज्या दिशेला सरकवाल त्या दिशेला शॉट सरकतो. ग्रुप डावीकडे असेल तर रिअर साइट उजवीकडे.

स्क्रूवरच्या खुणांनी मात्र भलेभले फसतात. बऱ्याच पिस्तूलवर अक्षरं जर्मन असतात: एच वर, टी खाली, एल डावीकडे, आर उजवीकडे. काही पिस्तूलवर अक्षर सांगतं शॉट कुठे गेला, म्हणजे शॉट वर गेला असेल तर एचकडे फिरवा. काहींवर ते सांगतं शॉट कुठे न्यायचाय. तुमच्या पिस्तूलचं काय आहे ते पुस्तिकेत बघा, किंवा पाच क्लिक फिरवून पुन्हा पाच शॉटचा ग्रुप मारून बघा. एका क्लिकला शॉट किती सरकतो तेही याच वेळी मोजून वहीत लिहा. आधी आडवं दुरुस्त करा, मग उभं. दोन्ही स्क्रू एकदम फिरवू नका.

क्लिक फिरवूनही ग्रुप जागचा हलत नसेल, किंवा हलतो आणि दहा शॉटनंतर परत येतो, तर साइटचा स्क्रू किंवा त्याची स्प्रिंग झिजलीय. ते घरचं काम नाही.

नळीत शिसं साचून ग्रुप हळूहळू, काही महिन्यांत पसरत गेला असेल तर त्या पिस्तूलसाठीच्या फेल्ट पेलेटने नळी साफ करा. लोखंडी सळई आत घालायची नाही.

इथे थांबा

पुढच्या गोष्टी दिसल्या की स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा आणि त्या पिस्तूलच्या बनावटीचं काम येणाऱ्या माणसाकडे जा.

थोडा वेळ थांबून मारलेला पहिला शॉट दर वेळी वेगळ्या उंचीवर आणि पुढचे एकत्र, भरलेल्या सिलिंडरवरही: रेग्युलेटर (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग). हवेची फुसफुस ऐकू येते, किंवा रात्रभरात काटा उतरतो: सील. हे दोन्ही भाग दाबाखाली असतात, उघडायला जाल तर इजा होईल. सिलिंडरवर कोरलेली मुदत संपली असेल तर तो भरूसुद्धा नका, मुदतीत असणं ही नियमानेही नेमबाजाचीच जबाबदारी आहे. घोड्याला अडकवलेलं 500 ग्रॅमचं वजन उचलण्याआधीच तो सुटतो, किंवा न ओढता सुटतो: त्या क्षणी पिस्तूल रिकामं करून रेंजबाहेर. पिस्तूल जोरात पडलं असेल आणि त्यानंतर ग्रुप सरकला असेल, तर साइटने तो परत आणता आला तरी एकदा नळी तपासून घ्या.

दुरुस्तीवाल्याकडे नुसतं "नीट लागत नाही" म्हणून पिस्तूल देऊ नका. सोबत तीन कार्डं द्या: तुमचं, अदलाबदलीत दुसऱ्याने तुमच्या पिस्तूलवर मारलेलं आणि कोरं. प्रत्येकावर तारीख, सिलिंडरचा दाब आणि पेलेटचा लॉट लिहा. ज्या डब्यातली पेलेट वापरलीत तो डबाही द्या, कारण नीट काम करणारा माणूस पिस्तूल परत देण्याआधी त्याच पेलेटने ते मारून बघतो.